अनुभव धागा : मुलांना घेऊन फोर्टात पायी

सहल म्हणजे वॉटर पार्क, असं बऱ्याच शाळांनी ठरवूनच टाकलंय. कुणी मुलांना मुंबईच्या फोर्टातले पुतळे, जुन्या इमारती दाखवायला नेलंय का? मुलं कुठे रेंगाळली ते लिहा. इतिहासाचा धडा नको.

चौथीच्या बाई :
आमची मुलं शिवडी-परळची. सीएसएमटीला कैकदा उतरलेली, पण बाहेर पडल्यावर मान वर करून बघतंय कोण! मी एवढंच सांगितलं, दगडातले प्राणी शोधा आणि वहीत काढा. फाटकाच्या खांबांवरचे सिंह-वाघ लगेच सापडले, मग मोर, माकडं. सिंह म्हणजे ब्रिटन, वाघ म्हणजे हिंदुस्थान, असं सांगितल्यावर एकीने विचारलं, "मग इंग्रज गेले तेव्हा सिंह का नाही काढला?" यावर जे भांडण जुंपलं, तसं वर्गात कधी जुंपत नाही. काढावा म्हणणारे जास्त होते. कोरीवकामात जे. जे. या कलाशाळेच्या विद्यार्थ्यांचा हात होता, हे कळल्यावर वह्या जरा जास्त नीट धरल्या गेल्या. समोरची महापालिकेची इमारतही स्टेशनच्याच वास्तुविशारदाची, स्टीव्हन्सची. स्टेशन १८८८चं, ही १८९३ची. दोन्हींत सारखं काय ते शोधायला लावा, अर्धा तास सहज जातो. रविवारी सकाळीच न्या.

भाचीचा मामा :
काळा घोडा बघायला गेलो. भाची म्हणाली, "यावर बसलेला माणूस कुठाय?" सातव्या एडवर्डचा मूळ पुतळा १९६५मध्ये भायखळ्याला राणीच्या बागेत हलवला, इथला बिनस्वाराचा घोडा २०१७चा. झालं, लगेच भायखळा! तिथे पेंग्विन आधी, राजा नंतर.

गिरणगावकर :
हुतात्मा चौकात दोन गोष्टी शेजारी शेजारी आहेत : १८६४चं फ्लोरा फाउंटन आणि मशाल धरलेले शेतकरी-कामगार. मुलांना कारंजंच सुंदर वाटलं, वाटू दे. पण "आमचे आजोबा गिरणीत होते" म्हणत एक मुलगा कामगाराच्या पुतळ्यासमोरून हलेना. पुढे महात्मा गांधी रोडवर न्यू इंडिया अ‍ॅश्युरन्सच्या इमारतीवर शिल्पकार पानसऱ्यांची शिल्पं आहेत. बाकीची शोधाशोध त्याच मुलाने केली.

चौथीच्या बाई :
@गिरणगावकर, पानसरे आमच्याकडून राहिले. तिथे मुलांना उभं करायला सावली आहे का?

गिरणगावकर :
समोरच्या फुटपाथवर उभं करा. शिल्पं उंचावर आहेत, जवळून मान दुखते.