गाडी ऑइल खाते, पण कॉम्प्रेशन (सिलिंडरमध्ये तयार होणारा दाब) चांगलं आहे. म्हणजे रिंगा (पिस्टनभोवतीच्या कड्या) निर्दोष?

सायलेन्सर: ऑइल कमी होतंय म्हटलं की कॉम्प्रेशन मोजतात. आकडे बरोबर आले की 'रिंगा ठीक आहेत, वॉल्व्ह सील (वॉल्व्हच्या दांड्यावरून ऑइल आत झिरपू न देणारं रबर) बदला' असं सांगून मोकळे. हे निदान अर्धवट आहे. कॉम्प्रेशन धरतात त्या वरच्या दोन रिंगा. सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल खरवडून खाली पाठवते ती तिसरी, ऑइल रिंग. तिच्या खाचेत आणि पिस्टनच्या परतीच्या भोकांत कार्बन बसला की ती अडकते. ऑइल जळत राहतं, कॉम्प्रेशन मात्र झकास! वर ओल्या सिलिंडरमुळे आकडा कधीकधी वाढलेलाच दिसतो.

उलटा पाना: असहमत. धूर बघा ना. रात्रभर उभी गाडी सुरू करताच निळा भपकारा येऊन थांबला तर सील. जोर दिल्यावर निळा धूर येतच राहिला तर रिंगा. एवढं पुरतं.

सायलेन्सर: जुन्या गाड्यांना पुरत होतं. आता थोडंफार ऑइल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्येच (एक्झॉस्टमधला धूर स्वच्छ करणारा भाग) जळून जातं. धूर नाही, डिपस्टिकवर (ऑइल मोजायची पट्टी) पातळी मात्र खाली. आणि ऑइलमधल्या फॉस्फरसने कन्व्हर्टर निकामी होतो तो खर्च वेगळाच.

शून्यगती: दोघेही इंजिन खोलायलाच निघालात! आधी पीसीव्ही वॉल्व्ह बघा, म्हणजे इंजिनाच्या आतली वाफ परत हवेच्या वाटेत सोडणारा वॉल्व्ह. तो उघडा अडकला तर क्रँककेसमधलं (इंजिनाचा खालचा भाग) ऑइल वाफेसोबत इनटेकमध्ये (हवा आत जायची वाट) ओढलं जातं, बंद अडकला तर आत दाब वाढून इंजिनाच्या सांध्यांवरच्या सीलमधून गळतं. बदलायला स्वस्त. त्याहीआधी खप मोजा, कारण बऱ्याच कंपन्या 1000 किमीला अर्धा ते एक लिटर खप चालवून घेतात.

उलटा पाना: चालवून घेतात म्हणजे गिऱ्हाईकाला कटवतात. त्या हिशेबाने 10,000 किमीत 10 लिटरपर्यंत होतात, बहुतेक छोट्या गाड्यांत एका वेळी भरतो त्याच्या दुपटीहून जास्त. याला खप म्हणायचं?

शून्यगती: मलाही पटत नाही. पण भांडायला आकडा लागतो. गाडी सपाट जागी, इंजिन गरम करून बंद, पाच-दहा मिनिटं थांबून डिपस्टिक. दर वेळी तस्संच. नुसत्या जवळच्या फेऱ्या असतील तर ऑइलमध्ये पेट्रोल मिसळून पातळी टिकल्यासारखी वाटते, मग एका लांबच्या प्रवासात ते उडून जातं आणि मालक घाबरतो.

घट्ट झाकण: जाड ऑइल टाका, विषय संपला.

सायलेन्सर: अडकलेली रिंग जाड ऑइलने सुटते का? खप थोडा दबेल, आजार तसाच.

उलटा पाना: बरं, मग इंजिन न खोलता ऑइल रिंगच दोषी हे दाखवा.

सायलेन्सर: स्पार्क प्लग काढून बोरोस्कोप (बारीक नळीचा कॅमेरा) घाला. पिस्टनच्या माथ्यावर कार्बन, पण कडेने धुतल्यासारखी स्वच्छ ओली पट्टी दिसली तर ऑइल रिंगांवरून वर येतंय. कडा कोरडी आणि इनटेक वॉल्व्हच्या पाठीवर काळा चिकट थर असेल तर सील, हे मी मानतो.

शून्यगती: डायरेक्ट इंजेक्शन असेल, म्हणजे पेट्रोल वॉल्व्हवर न पडता थेट सिलिंडरमध्ये जात असेल, तर तो थर सील चांगले असूनही साचतो. पीसीव्हीचं म्हणणं कायम.