इन्फॉर्मेशन सोसायटी : 'हॅक' हाच त्यांचा खरा अल्बम!

खर्ज

इन्फॉर्मेशन सोसायटीचं नाव काढलं की लोक एकच गाणं सांगतात आणि विषय संपवतात. त्यासाठीच हा धागा.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. अमेरिकेतल्या मिनियापोलिसचा हा सिंथपॉप, म्हणजे सिंथेसायझरवर पॉप गाणी करणारा बँड. पॉल रॉब, कर्ट हार्लंड, जेम्स कॅसिडी ही मुख्य त्रयी, सुरुवातीच्या काळात कीबोर्डवर अमांडा क्रेमर. १९८८ साली बँडच्याच नावाचा अल्बम आला. त्यातलं 'व्हॉट्स ऑन युअर माइंड' बिलबोर्डच्या हॉट १०० यादीत तिसऱ्या क्रमांकापर्यंत गेलं. 'स्टार ट्रेक' मालिकेतल्या स्पॉकच्या, म्हणजे लेनर्ड निमॉयच्या आवाजातले 'प्युअर एनर्जी' हे दोन शब्द उचलून त्यांनी गाण्यात बसवले आणि तेच गाण्याची ओळख होऊन बसले. त्यानंतर 'वॉकिंग अवे' नवव्या क्रमांकावर गेलं. आणि मग १९९० चा 'हॅक' आला. त्यातलं 'थिंक' अठ्ठाविसाव्या क्रमांकावर थांबलं, तेव्हापासून 'हॅक'वर 'घसरणीचा अल्बम' असा शिक्का बसला आहे.

माझं म्हणणं सरळ आहे. 'हॅक' हा त्यांचा सर्वोत्तम अल्बम आहे आणि १९९२ चा 'पीस अँड लव्ह, इन्क.' त्याच्या खालोखाल. १९८८ चा अल्बम तिसरा.

कारण १९८८ च्या अल्बममध्ये सॅम्पल, म्हणजे दुसरीकडून उचललेला आवाजाचा तुकडा, हे दागिन्यासारखं आहे. गाणं आधीच तयार आहे, त्यावर स्पॉक चढवलाय. काढून टाका, गाणं तसंच उभं राहतं. 'हॅक'मध्ये मात्र तुटके संवाद, यंत्रांचे आवाज, मध्येच येणारे छोटे तुकडे यांच्याशिवाय अल्बम उभाच राहत नाही. 'मिररशेड्स' ऐका, 'अ नाइफ अँड अ फोर्क' ऐका. एक गाणं संपून दुसरं कधी सुरू झालं याचा पत्ता लागत नाही, आणि तरीही 'थिंक'सारखी चाल दिवसभर डोक्यातून जात नाही. १९९० साली पॉप बँडने असं काही करणं ही मोठी हिंमत होती.

सप्तरंगी

साफ असहमत.

दागिना काढला तर गाणं उभं राहतं, हा दोष कसा काय? हाच तर चांगल्या गाण्याचा गुण. 'वॉकिंग अवे'मधली कर्टची गायकी बघा. हा माणूस फार मोठा गायक नाही, पट्टी मर्यादित आहे, पण त्या सपाट, थोड्या दुखावलेल्या आवाजाला शोभेल अशीच चाल पॉल रॉबने बांधली आहे. 'रिपीटिशन'सारखं संथ गाणंही त्याच अल्बमवर आहे. चार्टवर ते शहात्तरच्या वर गेलं नाही, तरी मला ते त्यांचं सगळ्यात हळवं गाणं वाटतं.

'हॅक'मधल्या गाण्यांची यादी वाचून बघा. 'वेन वेलेन श्विंगेन', 'हॅक १', 'चार्ली एक्स', 'हियर इज काझमायर'. यातली पूर्ण गाणी किती आणि भरताड किती? तुम्ही ज्याला रचना म्हणताय ते मला दोन चांगल्या गाण्यांमधलं थांबणं वाटतं. त्याच वर्षी डेपेश मोड या ब्रिटिश सिंथ बँडचा 'व्हायोलेटर' आला होता. नऊ गाणी, एकही फालतू नाही. तो शेजारी ठेवला की 'हॅक' विस्कळीत वाटतो.

ट्विनसिटीकर

सप्तरंगीताई, तुलनेलाच माझी हरकत आहे. मी इथे मिनेसोटात राहतो, त्यामुळे या बँडबद्दल जरा जास्तच जिव्हाळा आहे, पण मुद्दा वेगळा आहे.

डेपेश मोड हा ब्रिटिश वंश. यांचा वंश दुसरा. १९८५ साली 'क्रिएचर्स ऑफ इन्फ्लुअन्स' हा त्यांचा अल्बम इथल्याच एका छोट्या कंपनीने काढला होता. त्यातलं मुरात कोनार यांनी लिहिलेलं 'रनिंग' न्यूयॉर्कच्या क्लबांत पोचलं आणि तिथल्या लॅटिन फ्रीस्टाइल या नाचाच्या संगीतावर वाढलेल्या पोरांनी उचलून धरलं. डीजे लुई व्हेगाने त्याचं रीमिक्स केलं. आणि त्यांना घेतलं कोणी? टॉमी बॉयने. ही हिप-हॉपची कंपनी. आफ्रिका बंबाटाचं 'प्लॅनेट रॉक' १९८२ साली यांनीच काढलं होतं, आणि त्यात क्राफ्टवेर्क या जर्मन सिंथ बँडची चाल वापरली होती. म्हणजे जर्मनीतले सिंथ न्यूयॉर्कच्या रस्त्यावर आले, तिथून नाचाच्या क्लबात गेले, आणि त्या वाटेवर मिनियापोलिसची ही गोरी, पुस्तकी पोरं भेटली. गायक प्रिन्सच्या गावची असूनही यांचं नशीब उघडलं ते न्यूयॉर्कात.

म्हणून माझं मत धागाकर्त्यांच्याही विरोधात आहे. या बँडची खरी कामगिरी अल्बममध्ये नाहीच, ती बारा इंची सिंगलमध्ये, म्हणजे एकेका गाण्याच्या क्लबसाठीच्या मोठ्या तबकडीत आहे. क्लबसाठी लांबवलेलं 'रनिंग' ऐका. तालवाद्यांचा भाग एकटा चालू राहतो, मग बास येतो, मग बऱ्याच वेळाने गाणारा. नाचणाऱ्याला काय हवं ते ज्याला कळतं त्यानेच ते केलं आहे. अल्बम म्हणजे त्या सिंगलना एकत्र बांधणारी फाइल.

खर्ज

@ट्विनसिटीकर, वंशावळ शंभर टक्के मान्य. पण त्यावरून तुम्ही काढलेला निष्कर्ष उलटा आहे. हिप-हॉपच्या घरात वाढलेल्या बँडने सॅम्पलचं कोलाज करणं हेच स्वाभाविक. डे ला सोल हा हिप-हॉप गट याच टॉमी बॉयवर होता आणि १९८९ च्या त्यांच्या पहिल्या अल्बममध्ये गाण्यांच्या मधे तुकडेच तुकडे आहेत. त्यांना आपण प्रतिभावान म्हणतो. मग 'हॅक'ला भरताड का?

कॅसेटची_बी_बाजू

'पीस अँड लव्ह, इन्क.'चा उल्लेख झाला आणि पुढे कोणी बोललंच नाही. त्यावरच्या एका ट्रॅकवर धागा निघायला हवा.

ट्रॅकचं नाव '३०० बीपीएस एन, ८, १'. सीडीवर लावलं तर नुसती मोडेमची, म्हणजे फोनच्या तारेवरून संगणक जोडणाऱ्या यंत्राची किरकिर ऐकू येते. चाल नाही, ताल नाही. पण नावातच किल्ली दिली आहे : सेकंदाला ३०० बिट, पॅरिटी (चूक तपासणारा जादा बिट) नाही, आठ डेटा बिट, अक्षर संपल्याची खूण करणारा एक स्टॉप बिट. मोडेमचं सेटिंग असं ठेवून तो आवाज त्याला ऐकवला की पडद्यावर मजकूर उमटायला लागतो. सुरुवातीचा एक बिट धरून एका अक्षराला दहा बिट, म्हणजे सेकंदाला तीस अक्षरं. ब्राझीलच्या दौऱ्यातला किस्सा वाचता वाचता समोर उलगडतो. ब्राझीलमध्ये हे लोक अमेरिकेपेक्षाही लाडके होते. १९९१ च्या जानेवारीत माराकाना स्टेडियमवर झालेल्या रॉक इन रिओ महोत्सवातही वाजवून आले होते.

आणि हे त्यांनी पहिल्यांदा केलं नव्हतं. १९८८ च्या अल्बमची सीडी सीडी-प्लस-जी होती. म्हणजे सीडीवर आवाजाच्या बरोबरीने जाणाऱ्या, साधे प्लेअर दुर्लक्ष करतात अशा उपवाहिन्यांमध्ये चित्रं आणि मजकूर भरलेला. कराओकेची यंत्रं पुढे हेच तंत्र वापरायची. घरोघरच्या प्लेअरला पत्ताही नव्हता की तबकडीवर आणखी काही आहे.

माझ्या दृष्टीने या बँडचं रेकॉर्डिंग म्हणजे अशी आत काहीतरी दडवलेली वस्तू. गाणी तर आहेतच.

सप्तरंगी

बी_बाजू, माहिती छान आहे, पण मोडेमची किरकिर ही कला कशी? ज्याच्याकडे मोडेम नाही त्याने काय करायचं? मी अल्बम ऐकायला घेते, उकलायला नाही. 'टू बी फ्री' किंवा 'गोइंग, गोइंग, गॉन'बद्दल तुम्ही एक ओळही लिहिली नाहीत, यातच सगळं आलं. बँड हुशारीच्या आहारी गेला आणि चालीकडे दुर्लक्ष झालं असं माझं १९९२ च्या अल्बमबद्दलचं मत आहे. निर्वाना या रॉक बँडचा 'नेव्हरमाइंड' येऊन गेलेल्या काळात सिंथवाल्यांना तगायचं असेल तर गाणी आणखी धारदार हवी होती.

कॅसेटची_बी_बाजू

त्याच अल्बमवर 'व्हेअर वुड आय बी विदाउट आयबीएम' आहे. १९९२ साली नाचता येईल अशा तालावर संगणकाविषयी गाणं! याहून धारदार काय हवं?

अनुराधा_नक्षत्र

'डोन्ट बी अफ्रेड'चं नाव अजून कोणी काढलं नाही, आश्चर्य आहे. १९९७. यात पॉल रॉब नाही, कॅसिडी नाही, व्यवहारात हा कर्टचा एकट्याचा अल्बम. अंधारलेला, जड, इंडस्ट्रियलकडे, म्हणजे यंत्रांच्या कर्कश आवाजाच्या संगीताकडे झुकलेला. गाण्यांच्या नावांपुढे सॉफ्टवेअरसारखे आवृत्ती क्रमांक. गॅरी न्यूमनचं 'आर फ्रेंड्स इलेक्ट्रिक' त्याने नव्याने केलंय. 'व्हाइट रोझेस' हे गाणं तर सीडी घेतली म्हणून मिळत नव्हतं. इंटरनेटवरची कोडी सोडवत ते शोधावं लागायचं.

त्यातलं 'ओझार मिद्राशिम' पुढे 'लेगसी ऑफ केन : सोल रीव्हर' या १९९९ च्या व्हिडिओ गेममध्ये वापरलं गेलं आणि कर्टने त्या गेमचं संगीतही केलं. माझ्यासारख्या कित्येकांनी हा बँड तिथूनच ओळखला. आम्हाला स्पॉक नंतर भेटला. त्यामुळे माझ्या यादीत पहिला नंबर यालाच.

ट्विनसिटीकर

अल्बम जबरदस्त आहे, पण तो इन्फॉर्मेशन सोसायटीचा नाही. चाली पॉल रॉबच्या डोक्यातून यायच्या. तो नसेल तर नाव तेच ठेवून काय उपयोग?

अनुराधा_नक्षत्र

हाच न्याय लावायचा तर २००७ च्या 'सिंथेसायझर'चं काय करणार? तिथे पॉल आहे, पण बहुतेक गाणी ख्रिस्तोफर अँटनने गायली आहेत. कर्टचा आवाज नसलेला बँड तुम्हाला चालतो आणि नुसता कर्ट चालत नाही?

ट्विनसिटीकर

हो, चालतो. चाल ज्याची त्याचा बँड. बाकी २०१४ च्या 'हॅलो वर्ल्ड'मध्ये तिघंही परत एकत्र आले तेव्हा हा प्रश्न मिटला. कॅसिडी मधल्या काळात ओरेगन स्टेट युनिव्हर्सिटीत मृदाशास्त्र शिकवायला लागला होता, म्हणजे माती! तिथून तो परत आला याचा मला अजूनही आनंद होतो.

खर्ज

'हॅलो वर्ल्ड' चांगलाच आहे, पण तो जुन्या ओळखीच्या सुरात रमणारा अल्बम आहे. अनुराधाताई, तुमचा मुद्दा मला पटतो. 'डोन्ट बी अफ्रेड' त्याच नावाखाली यायला हवा होता, कारण आवाज कापून, जोडून, लपवून ठेवण्याचा जो नाद 'हॅक'मध्ये पक्का झाला तोच तिथे पुढे चालू आहे. पण माझ्या क्रमवारीत तो चौथा. सप्तरंगीताई, तुम्हाला एकच विनंती : 'हॅक' गाणी निवडून ऐकू नका. 'सीक २००'पासून लावा आणि 'केमिस्ट्री' येईपर्यंत मधे कुठेही थांबू नका. मग 'हियर इज काझमायर' भरताड वाटतं का ते सांगा.

सप्तरंगी

ऐकते, पुढच्या रविवारी. पण त्या आधी तुम्ही 'ले ऑल युअर लव्ह ऑन मी' पुन्हा ऐका. अ‍ॅबाचं मूळ गाणं चर्चमधल्या समूहगानासारखं भरून येतं, आणि या लोकांनी त्यातला सगळा भराव काढून फक्त मशीनचा ताल आणि कर्टचा कोरडा आवाज ठेवलाय. चार्टवर त्र्याऐंशी. तो अल्बम तुम्ही तिसरा ठरवलात, हे मला काही केल्या मान्य नाही.