32 गुंठ्यांतले 7: शरियतने दिलेला मुलीचा वाटा खातं कोण?

खाडीकाठ

मुस्लिम व्यक्तिगत कायद्यावर चर्चा निघाली की शाहबानो, तिहेरी तलाक, गोवा असं करत ती लगेच समान नागरी कायद्यावर जाते आणि तिथेच अडकते. मला त्याच्या अलीकडचं विचारायचंय.

मी रत्नागिरी जिल्ह्यातली. शाळेत गणित शिकवते, रविवारी मोहल्ल्यातल्या मकतबात (मुलांच्या धार्मिक शाळेत) मुलींचा तास घेते. एक साधं उदाहरण घ्या. माणूस वारला. मागे बायको, एक मुलगा, दोन मुली आणि 32 गुंठे जमीन. कुरआनात सूरह निसामध्ये (आयत 11 आणि 12) वाटण्या सरळ अपूर्णांकांत दिल्यात. बायकोला आठवा हिस्सा म्हणजे 4 गुंठे. उरलेल्या 28 मध्ये मुलाला मुलीच्या दुप्पट. म्हणजे मुलगा 14, मुली 7-7. सातवीतल्या पोरीला जमेल असं गणित.

आता गावात फिरून सातबारा बघा. वारसनोंदीत बहिणींची नावं चढतात, मग वर्ष-दोन वर्षांत हक्कसोडपत्र होतं आणि उतरतात. किंवा बाप हयातीतच सगळं मुलग्यांना 'हिबा' (बक्षीस) करून मोकळा होतो. कलमांची बाग भावाकडे, बहिणीला ईदेला साडी आणि मे महिन्यात आंब्याची पेटी. ज्या घरात सुन्नत (ऐच्छिक) नमाजसुद्धा चुकत नाही त्या घरात ही फर्ज (बंधनकारक) वाटणी बिनदिक्कत चुकते.

माझं म्हणणं असं की 'अर्धा का, पूर्ण का नाही' हा वाद जरूर घाला, पण आधी हा अर्धा तरी पदरात पडू दे. त्यासाठी फराइज, म्हणजे वारसाहक्काचं शास्त्र, मुलींना मकतबात शिकवा. मौलवी होणारी मुलं मदरशात 'सिराजी' हा फराइजचा ग्रंथ घेऊन हे पाठ करतात. जिचे 7 गुंठे आहेत तिला मात्र वुजू (नमाजाआधी हातपाय धुणं) आणि दुआ यापुढे काही सांगत नाहीत.

सरळसोट

ताई, कळकळ पोहोचली, पण तुम्ही मुलींना त्यांच्या अन्यायाचा नीट हिशोब शिकवताय, एवढंच होतंय. 14 ला 7 हे उत्तर बरोबर आलं म्हणून ते न्याय्य होत नाही.

18 एप्रिल 1966 ला मुस्लिम समाजसुधारक हमीद दलवाईंनी सात मुस्लिम बायकांचा मोर्चा मुंबईत विधिमंडळावर नेला होता. 'आम्हाला मिळालंय तेवढं तरी द्या' अशी मागणी नव्हती ती, कायदाच सगळ्यांना एक हवा होता. त्यांचं मुस्लिम सत्यशोधक मंडळ 1970 मध्ये पुण्यात निघालं. पन्नास वर्षं उलटून गेली आणि आपण अजून अर्ध्याच्या अंमलबजावणीवर! तुर्कस्तानने 1926 मध्येच स्विस धर्तीचा नागरी कायदा घेऊन मुलगा-मुलगी समान केले. तिथल्या मशिदी काही ओस पडल्या नाहीत.

सबूर

दोघांनाही आदराने सांगतो. मुलाला दुप्पट का, हे कुणीच लिहिलं नाही. मुलावर खर्चाची जबाबदारी आहे: बायकोचा मेहर, घर, आईवडील, वेळ आली तर बहीणसुद्धा. मुलीला मिळालेलं सगळं तिचं. नवऱ्याला त्यातला एक पैसा मागता येत नाही. एका हाताने दुप्पट दिलं, दुसऱ्या हाताने खर्च लावला. पूर्ण रचना बघा, मग न्याय-अन्याय ठरवा. आणि वाटण्या सांगून झाल्यावर लगेच 13 आणि 14 व्या आयतीत या अल्लाहने घातलेल्या हद्दी आहेत असं बजावलंय. त्या कमी-जास्त करायला आपण कोण?

खाडीकाठ आपा, शिकवण्याला माझी ना नाही. पण हा आलिमांचा, म्हणजे धर्मपंडितांचा, विषय आहे. आई-वडील हयात असले, मुलगा नसला, सावत्र भावंडं असली की हिशोब फिरतो. मकतबात अर्धवट शिकून पोरी घरी भांडणं लावतील.

खाडीकाठ

@सबूर भाई, भांडणं लागतील म्हणून गणित शिकवायचं नाही, हे मी शाळेत अजून ऐकलेलं नाही. :)

गंमत सांगते. फळ्यावर हेच 32 गुंठ्यांचं उदाहरण घातलं, तर पुढच्या आठवड्यात दोन पालक येऊन उभे. तक्रार काय? "हिशोब शिकवा, पण गुंठे नका घालू. उंट घाला." उंट! कोकणात! मी 32 उंट घातले. मुलींनी उत्तरं बरोबर काढली आणि शेवटच्या बाकावरच्या एकीने वहीत उंट खोडून 'कलमं' लिहिलं.

आणि जबाबदारीबद्दल. तो भाऊ बहिणीचा खर्च उचलतो का, हे मोहल्ल्यात विचारा. हक्क दुप्पट घ्यायचा आणि जबाबदारीची आठवण कुणी करून दिली की 'आमची ऐपत नाही', ही रचना कुरआनातली नव्हे, आपण बनवलेली आहे.

तळ्यात_मळ्यात

सातारा जिल्हा, मराठा घर. वरचं वाचून हसू आलं आणि लाजही वाटली. आमच्याकडे महाराष्ट्राने 1994 मध्येच मुलीला वडिलोपार्जित इस्टेटीत मुलाइतका हक्क दिला, 2005 मध्ये केंद्राने देशभर दिला. कायदा एकदम चोख. घरोघरी बहिणी हक्कसोडपत्रावर सह्या करतात, नाही केली तर माहेर तुटतं. म्हणजे @सरळसोट यांचा समान कायदा आमच्याकडे आहेच की. बहिणीच्या नावावर जमीन मात्र खाडीकाठ यांच्या गावाइतकीच.

सरळसोट

@तळ्यात_मळ्यात, फरक आहे. तुमची बहीण उद्या दिवाणी दाव्यात उभी राहिली तर तिला भावाइतका वाटा मिळेल. खाडीकाठ यांची मुलगी जिंकली तरी 32 मधले 7 च. सही करायची की नाही हा समाजाचा प्रश्न झाला. सही न करणारीला काय मिळणार, ते कायदा ठरवतो.

वकीलबाई

थोडी कायद्याची बाजू, कारण वर बऱ्याच गोष्टी एकात एक मिसळल्यात.

1937 च्या शरियत कायद्याने शेतजमिनीचा वारसा मुळात वगळलेला आहे. दक्षिणेतल्या काही राज्यांनी नंतर दुरुस्ती केली. उत्तर प्रदेशात 1950 च्या जमीनदारी निर्मूलन कायद्याने शेतजमीन आधी मुलगे आणि विधवा यांच्याकडे नेली, लग्न झालेली मुलगी बरीच मागे. धर्म कुठलाही असो. म्हणजे तिथल्या मुस्लिम मुलीला शरियतचा अर्धाही मिळत नव्हता, आणि तो काढून घेणारा कायदा सरकारने केलेला होता. हे कुणी मोर्चात बोलत नाही.

दुसरं, मृत्युपत्र. सुन्नी कायद्यात एक तृतीयांशापलीकडे करता येत नाही, आणि वारसालाच द्यायचं तर बाकी वारसांची संमती लागते. म्हणून लोक हिब्याकडे वळतात: देतो म्हणायचं, घेतो म्हणायचं आणि ताबा द्यायचा. तोंडी चालतो. माझ्याकडे येणारे बहुतेक वाद ताब्यावर अडतात. बाप मरेपर्यंत त्याच घरात, वीजबिल त्याच्याच नावावर, आणि मुलगा म्हणतो हिबा दहा वर्षांपूर्वीच झाला.

तिसरं, फक्त मुली असलेलं घर. बायको, दोन मुली आणि मयताचा सख्खा भाऊ. समजा 24 गुंठे. मुलींना मिळून दोन तृतीयांश म्हणजे 16, बायकोला 3, उरलेले 5 चुलत्याला. याच कारणाने कासरगोडचे वकील सी. शुक्कूर आणि त्यांच्या पत्नी शीना यांनी तीन मुलींसाठी 8 मार्च 2023 ला विशेष विवाह कायद्याखाली पुन्हा लग्न नोंदवलं. त्या कायद्याखाली लग्न असलं की भारतीय उत्तराधिकार कायदा लागतो आणि चुलता बाजूला होतो. शिया कायद्यात मुली असताना चुलत्याला तसंही काही मिळत नाही. ट्युनिशियाने 1959 मध्ये हीच तरतूद सुन्नींसाठी केली. पण 2018 मध्ये तिथल्या राष्ट्राध्यक्षांनी मुलगा-मुलगी समान करायचं ठरवलं, ते काही पार पडलं नाही.

मडगावची

गोव्याचं नाव आलंच आहे तर सांगते. आमच्याकडे 1867 च्या पोर्तुगीज नागरी संहितेपासून मुलगा-मुलगी समान, मुसलमान घरांतही. अर्धी इस्टेट मृत्युपत्रानेही वारसांच्या हातून काढून घेता येत नाही. नवऱ्याच्या मिळकतीत बायकोचा अर्धा वेगळा. तरीही नोटरीकडे बसलेल्या बहिणी मी पाहिल्यात, भावासाठी हक्क सोडायला आलेल्या. गोव्याला स्वर्ग करून सांगू नका, एवढंच. पण हेही खरं की सोडायला आधी हातात काहीतरी असावं लागतं.

सबूर

शुक्कूर यांचा मार्ग मला पटत नाही. निकाह झालेला असताना फक्त वाटणी टाळायला दुसरा कायदा शोधायचा, ही पळवाट झाली. मुलींची काळजी असेल तर जिवंतपणी द्या, कुणी अडवलंय?

खाडीकाठ

@सबूर भाई, मला हेच हवं होतं. बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही हदीससंग्रहांत एक हदीस (पैगंबरांची आठवण) आहे. नोमान बिन बशीर यांच्या वडिलांनी एकाच मुलाला भेट दिली आणि रसूलुल्लाहना साक्षीला बोलावलं. त्यांनी विचारलं, सगळ्या मुलांना असंच दिलंस का? नाही म्हटल्यावर साक्ष द्यायला नकार दिला. आपल्या शाफई मजहबात (सुन्नींच्या चार कायदेपंथांपैकी एक) जिवंतपणी देताना मुलगा-मुलगी सारखेच धरावेत असं मत आहे. मग तुम्ही म्हणता तसं जिवंतपणी द्यायचं तर 14 आणि 7 नाही, 14 आणि 14. हे जुम्म्याच्या खुतब्यात (शुक्रवारच्या प्रवचनात) कधी ऐकलंय? मी नाही.

सबूर

हदीस सहीह (अस्सल) आहे, मान्य. खुतब्यात ऐकलेली नाही, हेही मान्य. पण बहुतेक इमामांनी समानतेला पसंतीचं म्हटलंय, फर्ज नाही. हंबली हा दुसरा पंथ फर्ज मानतो, पण तिथे मुलाला दुप्पट. तुम्ही एका मताची सक्ती करू पाहताय.

सरळसोट

म्हणजे अर्धा द्यायची वेळ आली की 'हद्दी', आणि सारखा द्यायची वेळ आली की 'पसंती'. छान.

@खाडीकाठ, तुमचा तास चालू ठेवा, मी विरोध मागे घेतलेला नाही. 1985 मध्ये शाहबानोंच्या निकालात महिन्याच्या 179 रुपये 20 पैशांच्या पोटगीवरून देश पेटला होता. ती रक्कम देणारा नवरा वकील होता. शिक्षणाने माणूस न्यायी होतो यावर माझा तेवढा भरवसा नाही.

खाडीकाठ

शिकायचं त्या वकिलाने नव्हतं. माझा तास मुलींचा आहे.

या रविवारी वकीलबाईंचं 24 गुंठ्यांचं उदाहरण घेते. उंट नाही, गुंठेच.

सरळसोट

घ्या. फक्त त्यातले 5 चुलत्याला का, हे एखादी विचारणारच. तेव्हा तिला आलिमाकडे पाठवू नका.