आयर्विनची पातळी आणि अण्णाभाऊ

(विश्रामबाग, सांगली. सोसायटीचा ग्रुप. १८ जुलै, सकाळ.)

अप्पा, बी ३०२ : शुभ सकाळ. आज लोकशाहीर अण्णाभाऊ साठे यांची पुण्यतिथी. विनम्र अभिवादन 💐🙏

अप्पा, बी ३०२ : मुंबई : रात्रभर पाऊस. हिंदमाताला पाणी. मध्य रेल्वे वीस मिनिटं उशिरा. ज्यांची मुलं तिकडं आहेत त्यांनी फोन करून घ्या.

सेक्रेटरी : अप्पा, हात जोडून विनंती. हा ग्रुप पाणी, लिफ्ट आणि मेंटेनन्ससाठी आहे. काल लिफ्ट बंदचा मेसेज टाकला, तो गुलाबांच्या खाली गाडला गेला. सी विंगच्या आजी चौथ्या मजल्यापर्यंत चढत गेल्या.

काकू, ए १०४ : पुण्यतिथ्यांचं तुम्ही बघा, पण मुंबईचं बंद करू नका हो. सून परळला नोकरीला जाते. अप्पांचा मेसेज आला की मी तिला फोन लावते, ती अजून डब्याच्याच गडबडीत असते.

डी ४०१ : आयर्विन पुलाला कृष्णेचं पाणी किती?

सेक्रेटरी : २६ फूट. इशारा ४० ला, धोका ४५ ला. झोपा.

वहिनी, ए २०३ : अप्पा, राग मानू नका. रोज फोटो येतो, फुलं येतात, पण माणसानं केलं काय याची एक ओळ नसते. मुलगा विचारतो, आई हे कोण? मी शाळेत शिकवते, तरी निम्म्या वेळा मलाच सांगता येत नाही. मग मीपण हात जोडल्याचं चित्र टाकते आणि पुढं जाते. खरं तेच सांगितलं.

अप्पा, बी ३०२ : टाइप करायला वेळ लागतोय. थांबा.

डी ४०१ : अप्पा टाइप करतायत. चहा ठेवा कुणीतरी 😄

अप्पा, बी ३०२ : वहिनी, बरोबर बोललात. ऐका मग. अण्णाभाऊ आपल्या वाळवा तालुक्यातले, वाटेगावचे. जन्म १ ऑगस्ट १९२०. शाळा म्हणाल तर दीड दिवसाची. बापाबरोबर गावाकडून मुंबईपर्यंत चालत गेले. मिळेल ते काम केलं, गिरणीतही राबले. अमर शेख आणि गवाणकरांबरोबर लाल बावटा कलापथक काढलं. तीसहून जास्त कादंबऱ्या लिहिल्या, रशियाला जाऊन आले, आणि राहायला घाटकोपरच्या चिरागनगरची झोपडपट्टी. आता मॉस्कोत त्यांचा पुतळा आहे, २०२२ ला बसला.

आता माझं. वडील वाळव्याचेच, लालबागला गिरणीत. १९६९ ला मी नऊ वर्षांचा. पेपर विकत घ्यायची ऐपत नव्हती. वडील रात्रपाळी सुटली की गेटवरच्या चहावाल्याकडं वाचायचे आणि घरी येऊन आम्हाला सांगायचे. त्या आठवड्यात १९ जुलैला इंदिराबाईंनी १४ बँका सरकारच्या ताब्यात घेतल्या, आणि लगेच माणूस चंद्रावर उतरला, आपल्याकडं २१ तारीख लागली होती. चाळीत सगळे गच्चीवर, पावसाळी आभाळात चंद्र हुडकत. वडील मात्र तिसऱ्याच दिवशी गप्प घरी आले. म्हणाले, आपल्याकडचा माणूस गेला रे शुक्रवारी, आणि मला आज कळतंय. तेव्हापासून तारखा वहीत लिहायची सवय. फोटो टाकायची सवय मात्र मोबाइलमुळं लागली, ती सोडतो.

काकू, ए १०४ : 🙏

वहिनी, ए २०३ : हे मी आज वर्गात सांगणार. चंद्र हुडकण्यासकट.

डी ४०१ : दीड दिवस शाळा?? आणि आमच्याकडं केजीची फी बघा.

सेक्रेटरी : मला वाटेगावचं माहीतच नव्हतं. कासेगावला सासुरवाडी, दहादा तिथनं गेलोय.

अप्पा, बी ३०२ : २४ जुलैपण येतेय. १९४३ ला त्या दिवशी वसंतदादा साथीदारांबरोबर सांगलीच्या तुरुंगातून पळाले, गोळी झेलली. तुरुंग आहे तिथंच आहे. आपण भाजीची पिशवी घेऊन समोरून जातो.

सेक्रेटरी : २४ चं २४ ला. एक मेसेज, चार ओळी, फोटो नाही. चालेल?

वहिनी, ए २०३ : मग तात्यांचं राहिलंच की. जी १ चे. गेले तेव्हा ग्रुपवर नुसतं 'भावपूर्ण श्रद्धांजली', एकानं टाकलं ते सगळ्यांनी कॉपी केलं. मीपण.

काकू, ए १०४ : २०१९ ला पाणी ५७ फुटांवर गेलं, गावभागातली माणसं आपल्या पार्किंगमध्ये होती. आठ दिवस तात्यांनी स्वतःच्या गॅसवर चपात्या केल्या. बाई नव्हती घरात, स्वतः लाटायचे. कच्च्या असायच्या हो, पण गरम.

सेक्रेटरी : आणि सिलिंडर संपला तेव्हा माझा नेला, न विचारता. मी भांडलो होतो त्यांच्याशी.

(बराच वेळ कुणी काही लिहीत नाही.)

डी ४०१ : मी दहावीत होतो. चपात्या वाटायला मला न्यायचे.

सेक्रेटरी : लिफ्टवाला अकराला येतोय. बी विंगवाल्यांनी तेवढा वेळ जिना वापरा.

काकू, ए १०४ : सून पोहोचली परळला. दीड तास लागला. अप्पा, तात्यांची तारीख कुठली हो?

अप्पा, बी ३०२ : वहीत आहे. चष्मा सापडला की सांगतो.