प्रति: किडनी घरच्याच माणसाची, मग एवढं बिल कशाचं?

वर विचारलंय, की अवयव विकणं गुन्हा आहे, किडनी सख्ख्या आईनं दिली, तर लाखांचं बिल कशाचं? अवयव प्रत्यारोपणाच्या १९९४ च्या कायद्यानुसार अवयवाला किंमत नाहीच. पण ऑपरेशनं दोन असतात. दात्याच्या तपासण्या, भूल, दुर्बिणीतून किडनी काढणं, त्याच्या खोलीचं भाडं, हे सगळं घेणाऱ्याच्याच बिलात येतं.

आमच्या थोरल्या भावाला वहिनींनी किडनी दिली, तेव्हा हे कळलं. रक्तगट जुळला म्हणून आम्ही निर्धास्त होतो. नंतर एचएलए (दोघांच्या पेशींवरच्या खुणा किती जुळतात ते), क्रॉसमॅच (घेणाऱ्याचं रक्त दात्याच्या पेशींवर हल्ला करतं का ते), हृदयाच्या तपासण्या आणि कोल्हापूर-पुणे सव्वादोनशे किलोमीटरच्या खेपा सुरू झाल्या. ऑपरेशनवेळी शरीरानं किडनी नाकारू नये म्हणून दिलेली इंजेक्शनं आणि जंतुसंसर्ग टाळायला वेगळी खोली, यांनीच बिल फुगलं. सर्जनची फी त्यामानानं लहान वाटली.

यकृताचं गणित आणखी अवघड. रक्त, प्लाझ्मा, आयसीयूचे दिवस किती लागतील हे आधी कुणालाच सांगता येत नाही. म्हणून पॅकेज ठरवताना त्यात काय धरलेलं नाही, ते लेखी घ्या.

आणि घरी आल्यावर खर्च थांबत नाही. शरीरानं किडनी नाकारू नये म्हणूनची टॅक्रोलिमस, मायकोफेनोलेट ही औषधं जन्मभर. टॅक्रोलिमसची रक्तातली पातळीही तपासत राहावी लागते. पैशापायी डोस चुकवला तर मिळालेली किडनीच जाऊ शकते, हे माझ्या जिवाला लागलेलं आहे.

हात जोडून सांगतो, महाराष्ट्रात धर्मादाय रुग्णालयात १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत असतात. भरती होण्याआधीच तिथल्या समाजसेवकाला भेटा. आम्ही डिस्चार्जच्या दिवशी विचारलं.