चीटग्रास हटवून मूळचं गवत परत आणायचंय, कुठं चुकतंय?

बॉइसीकर:
नमस्कार मंडळी. आयडाहोत बॉइसीच्या टेकड्यांच्या पायथ्याशी आमची २ एकर जागा आहे, निम्म्याहून जास्त चीटग्रासनं भरलीये, म्हणजे बाहेरून आलेलं, दरवर्षी बियांपासून उगवणारं तण-गवत. मार्चमध्ये हिरवंगार, मे महिन्यात जांभळट आणि आता जूनमध्ये कडकडीत वाळलंय. मागच्या आठवड्यात कुत्र्याच्या कानातून कुसळ काढून आणलं, पण खरी भीती आगीची, २०१५ च्या सोडा फायर नावाच्या वणव्यात इथून जवळच आयडाहो-ओरेगन सीमेवर पावणेतीन लाख एकरांच्या वर जळालं होतं. गेल्या ऑक्टोबरमध्ये टिलर (माती उकरायचं यंत्र) फिरवून इथल्या मूळच्या गवतांच्या बियांचं मिक्स टाकलं, तर आधीपेक्षा दाट चीटग्रास आलं. मला ब्लूबंच (इथलं मूळचं, ठोंब करून वर्षानुवर्षं टिकणारं गवत) आणि सेजब्रश (इथलं मूळचं झुडूप) परत हवाय, मनापासून हवाय.

पूर्व_ओरेगन:
दादा, टिलर फिरवला तिथंच चुकलं. चीटग्रास पावसाळी थंडी सुरू झाली की उगवतं, हिवाळाभर मुळं वाढवतं, आणि ब्लूबंचचं कोवळं रोप वसंतात वर येईपर्यंत वरच्या थरातली ओल यानं ओढून घेतलेली असते. उकरलेल्या मातीत तर त्याला कुणी अडवणारंच नाही. बरी गोष्ट एवढीच की त्याचं बी मातीत २-३ वर्षांच्या वर फारसं टिकत नाही, त्यामुळं तेवढी वर्षं त्याला बी धरू द्यायचं नाही.
आधी खाली बसून बघा. चीटग्रास चिमटीत धरून ओढलं की मुळासकट हातात येतं, ब्लूबंचचा ठोंब जागचा हलत नाही, पाती निळसर राखाडी आणि मधे गेल्या वर्षीच्या वाळक्या काड्या उभ्या. असे ठोंब जिथं आहेत तिथं माती अजिबात हलवू नका, तेच तुमचं भांडवल. इंडाझिफ्लामसारखं तणनाशक उगवणारं बी रोखतं, जुन्या ठोंबांना सहसा काही होत नाही, पण तुम्ही पेरलेलं बीपण तेच रोखणार, म्हणून फवारलेल्या जागी पुढची काही वर्षं पेरणी नको. आणि सेजब्रशचं बी फार बारीक असतं, पुरलं की गेलं, हिवाळ्यात बर्फावर शिंपडा.

सासवडचा_माळ:
आमच्याकडं गाजरगवताशी हेच भांडण चालू आहे. आधी मारवेल गवताचं बी टाकलं, त्यातलं नावापुरतं उगवलं, मग जूनच्या पावसात मुळासकट ठोंब लावले, ते धरले. गाजरगवत फुलायच्या आत उपटत राहिलो आणि पहिली २ वर्षं जनावरं सोडली नाहीत, शेजारच्यांच्या शेळ्यांवरून वादही झाले. तुमच्याकडं रोपं मिळत असतील तर थोडीच घ्या पण रोपंच लावा दादा.

बॉइसीकर:
दोघांचे खूप आभार. काल संध्याकाळी गुडघ्यांवर बसून सगळी जागा बघितली, वरच्या दगडाळ उतारावर ब्लूबंचचे ११ ठोंब सापडले, प्रत्येकाशेजारी काठी रोवून आलोय. टिलर फिरवलेल्या पट्ट्यात एकही नाही. त्या पट्ट्यात आता शरदात रोपं लावतो, वरच्या उताराला हात लावत नाही.