समाचाराला आलेल्या पुढाऱ्याचं रडणं खरं धरायचं का? त्या फोटोला परवानगी द्यावी का?

बाजारपेठेतली

नमस्कार. प्रश्न घरगुती आहे, पण चार माणसांना विचारल्याशिवाय माझा पाय पुढे पडत नाहीये.

आम्ही चिपळूणचे. बाजारपेठेत वह्या-पुस्तकांचं दुकान, वर राहतं घर. २६ जुलै २००५ ला पाणी जिथवर चढलं होतं, तिथे सासऱ्यांनी भिंतीवर तेलरंगाची रेघ मारून ठेवली होती. माल त्या रेघेच्या वरच्या फळ्यांवर ठेवायचा, हा आमच्या दुकानाचा नियम. २२ जुलै २०२१ च्या पहाटे वाशिष्ठीचं पाणी शिरलं आणि उजाडेपर्यंत ती रेघ कुठे आहे तेही दिसेना. लॉकडाऊनमुळे आधीच धंदा बसलेला, उसनवारी करून भरलेला माल. तो दिवस आणि ती रात्र आम्ही माळ्यावर काढली. सासूबाई तेव्हा ७७ वर्षांच्या.

पाणी ओसरल्यावर तिसऱ्या दिवशी एक पुढारी आले. नाव लिहीत नाही, पक्षही लिहीत नाही, नाहीतर मूळ गोष्ट बाजूला राहील. गुडघाभर चिखल, दाराशी फुगलेल्या वह्यांचा ढीग, त्याला कुबट वास. सासूबाई उपड्या क्रेटवर बसल्या होत्या. ते रस्त्यावरून आत आले, चिखलातच उकिडवे बसले, सासूबाईंचे दोन्ही हात हातात घेतले. "आजी, जेवलात का?" त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, ते मी स्वतः पाहिलं. सासूबाई म्हणाल्या, "ह्यांचा एकच फोटो राहिला होता हो. तो पण गेला." त्यावर त्यांनी सासूबाईंच्या डोक्यावर हात ठेवला. "होईल आजी, सगळं होईल. आम्ही आहोत." आणि निघाले. चारेक मिनिटं झाली असतील. दुसऱ्या दिवशी पेपरात तोच क्षण मोठ्ठा छापून आला.

नंतर भाच्याने मोबाइलवर तीन व्हिडिओ दाखवले. तीन घरं, तीन म्हाताऱ्या, तेच "जेवलात का", तोच डोक्यावरचा हात, तेच "सगळं होईल". भाचा म्हणाला, बघ मामी, पाठ केलंय. मलाही ते पटलं, आणि फार राग आला. सासूबाईंनी व्हिडिओ दोनदा लावायला सांगितले आणि म्हणाल्या, "समाचाराला निघालेला माणूस दहा घरी गेला तर दहा घरी निराळं काय बोलणार? आपण काय बोलतो? कसं झालं, केव्हा झालं, धीर धरा. तेवढंच ना? बोलण्यासाठी कोण जातं, आपण गेलो हे दिसावं म्हणून जातो."

यावर मला उत्तर सुचलं नाही. समाचाराची आपली रीत आहेच तशी. न बोलावता जायचं, घरच्यांनी 'या' म्हणायचं नाही, निघताना आपण 'येतो' म्हणायचं नाही. त्यात कोणाच्या मनात किती दुःख आहे हे कोणी मोजत नाही. शेजारच्या घरी पिठलं-भाताचं पातेलं नेऊन देताना माझं मन तरी दर वेळी भरून आलेलं असतं का? नसतं. तरी नेते.

पण माझ्या मनातला काटा निघत नाही, आणि तो त्या रडण्याचा नाही. सासूबाईंनी दुकान मागितलं नव्हतं. आमच्या घरातले अल्बम २००५ च्या पुरातच गेले होते, सासऱ्यांचा तो एक फ्रेममधला फोटो वाचला होता. त्यांनी त्याबद्दल सांगितलं आणि समोरच्या माणसाने ते ऐकलंच नाही. "सगळं होईल" हे त्या वाक्याचं उत्तर नव्हतं. फोटो कसा 'होईल'?

नंतरचंही सांगते, म्हणजे अन्याय नको. घरामागे १०,००० आणि दुकानाचे ५०,००० रुपये मदत जाहीर झाली, ती आम्हाला मिळाली. डिसेंबरमध्ये नदीतला गाळ काढावा म्हणून चिपळूणकर साखळी उपोषणाला बसले, मीही दोन दिवस बसले. तेव्हा कुठे गाळाचं काम हललं. त्या मांडवात मी या पुढाऱ्यांची वाट पाहिली. ते आले नाहीत.

आता गेल्या आठवड्यात त्यांचा कार्यकर्ता घरी आला. सज्जन मुलगा आहे, पुरात त्याने स्वतः लोकांना पाणी वाटलंय. म्हणाला, काकू, तो फोटो बॅनरवर घ्यायचाय, आजींची परवानगी हवी. सासूबाई लगेच "घे की" म्हणाल्या. मी "थांब, कळवते" म्हणाले. तेव्हापासून आमच्या घरात नीट बोलणं नाही.

तुम्हाला काय वाटतं? ते रडणं खरं होतं का, आणि ते ठरवण्याचा अधिकार माझा की सासूबाईंचा?

खाडीपट्टा

परवानगी देऊ नका. डोळ्यांतलं पाणी त्यांचं असेल, पण चेहरा आजींचा आहे. समाचाराला कुणाला सोबत घेऊन जायचं हेही कळावं लागतं. २६/११ नंतर मुख्यमंत्री विलासराव देशमुख ताज हॉटेलच्या पाहणीला गेले तेव्हा सोबत चित्रपट दिग्दर्शक राम गोपाल वर्मा होते. लोकांना ते इतकं लागलं की काही दिवसांतच विलासरावांना पद सोडावं लागलं. त्यांना दुःख झालं नसेल असं मी म्हणत नाही. पण कॅमेरा घेऊन जाणं हे त्यातलंच.

जुना तलाठी

ताई, मी रायगड जिल्ह्यात तलाठी होतो, आता निवृत्त आहे. या प्रश्नाची दुसरी बाजू मी पाहिली आहे, म्हणून जरा लांबण लावतो.

एका दरडीनंतर (गाव सांगत नाही) मी सलग नऊ दिवस गावात होतो. त्यात तीन मोठे दौरे झाले. दौरा म्हणजे काय, तर आदल्या रात्री निरोप येतो. शाळेच्या पटांगणावर हेलिपॅड, त्यावर चुन्याने गोल आखायचा, धूळ उडू नये म्हणून टँकरने पाणी मारायचं. ज्या टँकरचं पाणी माणसांना प्यायला हवं असतं, तोच. कोतवाल, पोलीस पाटील, ग्रामसेवक सगळे बंदोबस्तात. पंचनामे बंद. लोक मला विचारायचे, अण्णा, आमचं घर कधी लिहिणार? आणि मी माहितीचा कागद चौथ्यांदा टाईप करून घेत असायचो, कारण प्रत्येक पाहुण्याला ताजा आकडा हवा.

तुमच्या पुराच्या वेळीच शरद पवारांनी पुढाऱ्यांना पूरग्रस्त भागातले दौरे टाळा असं जाहीर आवाहन केलं होतं. दाखला १९९३ च्या किल्लारी भूकंपाचा दिला होता. पंतप्रधान नरसिंह राव यांना यायचं होतं, पवारांनी कळवलं की यंत्रणा कामात आहे, दहा दिवसांनी या, आणि रावांनी ते ऐकलं. मी ते वाचलं तेव्हा माझ्यासारख्या कितीतरी तलाठ्यांना बरं वाटलं असेल.

पण अर्धंच सांगितलं तर खोटं होईल. दौऱ्याच्या आदल्या रात्री बंद असलेला रस्ता पहाटेपर्यंत मोकळा झाला, हेही मी पाहिलंय. त्याच रस्त्याने मग रुग्णवाहिका आली. ज्याच्यासाठी रस्ता उघडला त्याच्या मनात काय होतं, हे त्या रुग्णवाहिकेतल्या बाईला विचारून काय उपयोग?

आणखी एक. त्याच गावात अकराव्या दिवशी रात्री एक आमदार आले. ताफा नाही, फोटोवाला नाही. शाळेच्या पडवीत बसले आणि मला म्हणाले, यादी काढा, न सापडलेल्यांची. इतर सगळे सापडलेल्यांचा आकडा विचारून गेले होते. बेपत्ता माणसाच्या घरच्यांचे हाल फार वाईट असतात. देह नाही म्हणून मृत्यूचा दाखला नाही, दाखला नाही म्हणून मदत नाही, वारसनोंद नाही. कायद्याने बेपत्ता माणूस मृत धरायला ७ वर्षं लागतात. आपत्तीत सरकारने खास निर्णय घेतला तरच ते लवकर होतं. २०२१ ला महाड तालुक्यातल्या तळिये गावावर दरड आली, तिथला शोध थांबला तेव्हा ५३ देह मिळाले होते आणि ३१ माणसं मातीतच राहिली. तेव्हा हा प्रश्न सगळ्यांना कळला, आम्हाला तो आधीच ठाऊक होता. त्या आमदारांनी एकेक नाव वाचून घेतलं, एका नावाचा उच्चार चुकला तो विचारून सुधारला. डोळ्यांत पाणी वगैरे काही नव्हतं. उलट चिडले होते.

तुमच्या सासूबाईंची रीतीची गोष्ट मला पटली. पण समाचाराला गेलेला माणूस बाराव्या-तेराव्यालाही जातो, तेही त्याच रीतीत येतं. तुम्ही उपोषणाच्या मांडवात वाट पाहिलीत, ती बाराव्याचीच वाट होती असं मला वाटतं.

जाता जाता, सासऱ्यांच्या फोटोबद्दल. पंचनाम्यात फोटोला रकाना नसतो, म्हणून कुणी लिहिलं नसेल. पण सासऱ्यांनी २००१ नंतर काही खरेदीखत, बक्षीसपत्र, दुकानाचा नोंदणीकृत करार केला होता का? असेल तर दुय्यम निबंधक कार्यालयात दस्तासोबत त्यांचा फोटो आणि अंगठा लागलेला असणार. प्रमाणित नक्कल मागा. बँकेत खातं असेल तर तिथल्या फॉर्मवरही मिळेल.

दिवेआगरची वाडी

आमच्याकडे ३ जून २०२० ला निसर्ग वादळात सुपाऱ्या मोडून पडल्या. ज्या झाडांवर सासऱ्यांनी चढायला शिकवलं ती झाडं. पुढारी रांगेने आले, वाडीत उभे राहून हळहळले. मदत आधी हेक्टरी होती. आमच्या वाड्या गुंठ्यांच्या, हेक्टराने मोजल्या तर हातात काय येणार? ज्याला त्याला आम्ही तेच सांगत राहिलो. पुढे झाडामागे दर ठरला, नारळाला २५० आणि सुपारीला ५० रुपये. पन्नास रुपयांत सुपारी उभी राहत नाही, तिला फळ धरायला सहा-सात वर्षं जातात. पण निदान झाड मोजलं गेलं. कुणीतरी आमचं म्हणणं मुंबईपर्यंत नेलं असणार. तो रडला होता की नाही, मला आठवत नाही.

दर्यावर्दी

मी मूळ हर्णैकडचा, बोटीवर नोकरी केली. एकदा ब्रिटनमधल्या वेल्समध्ये पोर्ट टॅलबटला माल उतरवायला बोट लागली होती, सुट्टी मिळाली म्हणून एका वेल्श सहकाऱ्याबरोबर ॲबरफॅनला गेलो. डोंगरउतारावर दफनभूमी आहे, तिथे पांढऱ्या कमानींची रांग. २१ ऑक्टोबर १९६६ ला कोळशाच्या खाणीतल्या टाकाऊ मातीचा डोंगर सुटून शाळेवर आला. १४४ माणसं गेली, त्यांत ११६ मुलं. आपल्या दरडी आठवून माझे पाय तिथे जड झाले.

पंतप्रधान विल्सन त्याच दिवशी पोचले. राणी एलिझाबेथ आठ दिवसांनी गेली, शोधकामात अडथळा नको म्हणून थांबली असं सांगतात, आणि त्या उशिराची खंत तिला पुढे जन्मभर राहिली असंही. पण माझा सहकारी राणीवर रागावलेला नव्हता. ती नंतर पुन्हा पुन्हा तिथे गेली, हे तो आवर्जून सांगत होता. त्याचा राग वेगळाच होता. जगभरातून लोकांनी पाठवलेल्या मदतनिधीतूनच १,५०,००० पौंड, उरलेले मातीचे डोंगर हलवायला घेतले गेले. म्हणजे ज्यांची मुलं गेली त्यांच्याच पैशांतून. ते पैसे परत मिळाले १९९७ मध्ये, तेही व्याजाशिवाय. हे सांगताना त्याचा आवाज चढला होता. घटना घडली तेव्हा तो पाळण्यात असेल.

तलाठी अण्णांनी म्हटलेली बाराव्याची गोष्ट मला म्हणूनच पटली. आजींना माझा नमस्कार सांगा.

बाजारपेठेतली

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री सासूबाईंना सगळे प्रतिसाद मोठ्याने वाचून दाखवले. ॲबरफॅनचं ऐकून त्यांनी विचारलं, "मुलं किती म्हणालीस?" सांगितल्यावर बराच वेळ गप्प बसल्या. मग तलाठी अण्णांचा प्रतिसाद पुन्हा वाचायला लावला. त्यातला शेवटचा भाग तिसऱ्यांदाही.

अण्णा, २००७ ला सासऱ्यांनी दुकानाचं बक्षीसपत्र केलं होतं, माझ्या नवऱ्याच्या नावे. आमच्या कोणाच्या डोक्यातच आलं नाही. आमची प्रत पुरात गेली, पण दस्ताचा क्रमांक वकिलांकडे निघाला. आज अर्ज टाकून आले.

बॅनरचं सासूबाईंनी स्वतः ठरवलं, मी एक शब्दही बोलले नाही. कार्यकर्त्याला बोलावून म्हणाल्या, "फोटो घे, पण आधी त्यांना म्हणावं एकदा येऊन जा. एकटे या. मी त्या दिवशी एक सांगितलं होतं, ते ऐकायचं राहून गेलंय त्यांचं. या वेळी चहा करीन." मुलगा मान खाली घालून ऐकत होता. विचारून सांगतो म्हणाला.

अजून त्याचा फोन आलेला नाही. नक्कल सोमवारी मिळेल म्हणाले. सासूबाई सोबत येणार म्हणतायत, त्यांना रिक्षाने नेईन.